घड्याळात साडेतीनशे कॅलरी, काट्यावर वजन जिथल्या तिथे: गडबड कुठे शोधायची

तक्रार नेहमीची आहे. "रोज पाऊण तास चालते, घड्याळ साडेतीनशेच्या वर कॅलरी दाखवतं, खाणं वाढवलेलं नाही. तरी महिना झाला, वजन ढिम्म हलत नाही. घड्याळ बदलू का?"

बदलू नका. घड्याळ बहुतेक वेळा धडधाकट असतं. नाडीचा आकडाही पुष्कळदा बरोबर असतो. गडबड असते ती नाडीवरून कॅलरी काढण्याच्या पायरीत, आणि ती पायरी घड्याळ बदलून सुटत नाही. इंजिनाच्या आवाजावरून पेट्रोल किती जळलं ते सांगण्यातला हा प्रकार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली ६० जणांच्या मनगटावर सात वेगवेगळी उपकरणं बांधून हेच तपासलं गेलं. सातपैकी सहा उपकरणांची नाडी मोजण्यातली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी.

एक उदाहरण धरून चालू. वय ४५, वजन ६० किलो, बाई. सपाट रस्त्यावर ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने ४५ मिनिटं चालणं, सरासरी हार्ट रेट १३०. घड्याळ म्हणतं ३६०.

हा ३६० येतो कुठून

हृदय किती वेळा धडधडलं, एवढंच उपकरणाला कळतं. कॅलरी जळतात त्या प्राणवायूच्या हिशेबाने: शरीराने एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण ५ किलोकॅलरी (घड्याळ जिला नुसतं 'कॅलरी' म्हणतं तीच) खर्च होतात. हा आकडा भक्कम आहे, प्रयोगशाळेत मास्क लावून प्राणवायूच मोजतात. आपल्याकडे मास्क नाही, म्हणून नाडीवरून प्राणवायूचा अंदाज बांधायचा. मध्यम ते जोरकस व्यायामात या दोन गोष्टी बऱ्यापैकी एका रेषेत वाढतात. त्या रेषेवरच सगळा डोलारा उभा आहे.

कंपन्या आपापली सूत्रं उघड करत नाहीत. पण अनेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये जे सूत्र वापरतात ते २००५ सालचं, दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांचं आहे. स्त्रियांसाठी ते असं:

मिनिटाला किलोज्यूल = (०.४४७२ × हार्ट रेट) − (०.१२६३ × वजन) + (०.०७४ × वय) − २०.४०२२

उत्तराला ४.१८४ ने भागलं की किलोकॅलरी. आपल्या उदाहरणात ५८.१ वजा ७.६, अधिक ३.३, वजा २०.४ म्हणजे ३३.५ किलोज्यूल, म्हणजेच मिनिटाला ८ किलोकॅलरी. पंचेचाळीस मिनिटांचे ३६०. आलं ना तेच?

आता हाच व्यायाम नाडी बाजूला ठेवून मोजू. सपाट जमिनीवर चालताना शरीराला किलो वजनामागे, मीटरमागे ०.१ मिलिलिटर प्राणवायू लागतो, शिवाय नुसतं जिवंत राहण्यासाठी मिनिटाला किलोमागे ३.५ मिलिलिटर. व्यायामशास्त्राच्या पुस्तकांतलं हे सर्वमान्य समीकरण आहे. ताशी साडेपाच म्हणजे मिनिटाला ९२ मीटर. हिशेब केला की मिनिटाला ३.८ किलोकॅलरी येतात, पाऊण तासाचे १७१. त्यातून नुसतं बसून राहिलं तरी जळले असते ते ४७ वजा केले की चालण्याची खरी कमाई १२४.

३६० आणि १२४. वजन का हलत नाही, त्याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सापडतं.

सूत्र खोटं आहे का? नाही. ते ज्या ११५ जणांवर बेतलं ते १८ ते ४५ वयाचे, नियमित व्यायाम करणारे होते. अशा माणसाची नाडी १३० झाली तर तो खरंच बरंच काम करत असतो. ज्या बाईंनी दोन महिन्यांपूर्वी चालायला सुरुवात केली त्यांची नाडी साध्या चालण्यातच १३० होते. सूत्र दोघांना एकाच मापाने मोजतं. ताज्या ताज्या चालू लागलेल्यांनाच हे आकडे सगळ्यात जास्त फसवतात, आणि भरवसाही तेच सगळ्यात जास्त ठेवतात.

तरीही आधी साध्या गोष्टी तपासून घ्या, क्रमाने.

नाडीचा आकडा तरी खरा आहे का

मनगटावरचं घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो ते टिपतं. हात हलला, पट्टा सैल असला, थंडीने हात गारठले की लाट हरवते. मग घड्याळ जी लय सापडेल ती पकडतं, आणि चालताना सगळ्यात ठळक लय असते ती पावलांची.

हा दोष ओळखायला अवघड, कारण झपाझप चालताना मिनिटाला ११५ ते १२५ पावलं पडतात आणि त्या वेळची नाडीही त्याच घरात असू शकते. धावताना पावलं १६० ते १८० आणि घड्याळही १७० म्हणतं, तेव्हा निदान शंका तरी येते.

तपासायचं असं. चालता चालता १५ सेकंद पावलं मोजा, चारने गुणा. घड्याळातला आकडा त्याच्या दोन-चार इकडेतिकडे असेल तर संशय घ्या. मग थांबा आणि लगेच अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा. लगेच म्हणजे लगेच, मिनिटभराने मोजलंत तर नाडी उतरलेली असते आणि तुलनेला अर्थ राहत नाही. घड्याळाकडेही लक्ष ठेवा: खरी नाडी हळूहळू उतरते, पावलांना चिकटलेला आकडा थांबल्यावर एकदम कोसळतो.

उपाय साधा आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा आणि व्यायामापुरता पट्टा एक भोक आवळा. त्याच हातात बांगड्या किंवा कडं असेल तर ते घड्याळाला ढकलत राहतं. दुसऱ्या हातात घाला, घड्याळ किंवा बांगड्या, काय सोयीचं वाटेल ते.

छातीभोवती बांधायचा नाडी मोजणारा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट घेतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. त्याचेही नखरे आहेत. कोरडा बांधला तर पहिली पाच-दहा मिनिटं, म्हणजे घाम येईपर्यंत, तो १९०, २१० असं काहीही फेकतो. हिवाळ्यात पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगावर फडफडत असेल तर जास्तच. बांधण्याआधी आतले दोन काळे रबरी चौकोन नळाखाली ओले करा, ही अर्धी दुरुस्ती. उरलेली अर्धी म्हणजे पट्टा धुणं. घामाचं मीठ त्यात साचतं आणि संकेत अडवतं. वापरून झाल्यावर समोरची सेन्सरची डबी काढून ठेवा, पट्टा साध्या पाण्यात खळबळा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. डबी ओल्या पट्ट्यावर तशीच राहिली तर तिला वाटतं व्यायाम चालूच आहे, आणि बटण सेल महिन्याभरात संपतो. मग लोक म्हणतात कंपनीचा माल हलका निघाला.

सेटिंग

वजन आजचं आहे की घड्याळ घेतलं त्या वर्षीचं? वय, लिंग बरोबर? घरात एकच घड्याळ दोघं वापरतात का? वरच्या सूत्राचा पुरुषांसाठीचा अवतार अगदी वेगळा आहे, त्यामुळे नवऱ्याच्या खात्यावर बायको चालली तर उत्तर भलतंच येणार. अ‍ॅप किलोज्यूलमध्ये तर दाखवत नाही ना? ते असेल तर आकडा चौपट दिसतो.

कमाल हार्ट रेट बहुतेक ठिकाणी २२० वजा वय असा आपोआप भरलेला असतो. २००१ नंतर २०८ वजा ०.७ गुणिले वय हेही वापरतात. साठीच्या माणसाला पहिल्याने १६० येतात, दुसऱ्याने १६६. दोन्ही सरासरी आहेत, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. ज्यांना आपला खरा कमाल आकडा माहीत आहे त्यांनी तो हाताने भरावा, बाकीच्यांनी इथे वेळ घालवू नये.

नाडी खरी, सेटिंग बरोबर, तरी आकडा फुगलेलाच

आता खरा मामला. नाडी वाढायला काम हे एकच कारण नसतं.

उकाडा घ्या. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे आणि मे महिन्यात सकाळी नऊला, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चाला. मे महिन्यात शरीराला रक्त कातडीकडे पाठवून अंग थंड ठेवायचं असतं, घामाने रक्तातलं पाणीही घटतं, म्हणून हृदय जास्त वेळा धडकतं. प्राणवायूचा खर्च जवळपास तोच. नाडी दहा ठोक्यांनी वाढली तर स्त्रियांच्या सूत्रात मिनिटाला १.०७ किलोकॅलरी फुकट वाढतात, पाऊण तासाला ४८. पुरुषांच्या सूत्रात याच दहा ठोक्यांना मिनिटाला दीड. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून तिथेही हेच. लांब चालताना किंवा धावताना वेग न बदलता शेवटच्या टप्प्यात नाडी चढत जाते, तीही याच जातीची.

झोप अपुरी, नुकताच घेतलेला कडक चहा-कॉफी, अंगात कणकण, ऑफिसचा फोन कानाला लावून चालणं: सगळ्यांनी नाडी चढू शकते आणि घड्याळ प्रत्येक ठोक्याचं बिल व्यायामाच्या नावावर फाडतं.

एक कारण आपल्याकडे विशेष बघायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. सपाट रस्त्यावर, बोलत बोलत चालता येईल अशा वेगाला नाडी सतत १३०-१४० राहत असेल आणि काही आठवड्यांच्या सरावानेही उतरत नसेल, तर कॅलरीचा प्रश्न बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. घड्याळाचा हा उपयोग मला कॅलरीपेक्षा मोठा वाटतो.

जिथे नाडीवरून कॅलरी काढूच नये

जिममधली वजनं. जड डंबेल उचलताना, श्वास धरून स्क्वॉट मारताना रक्तदाब आणि नाडी झपकन वर जातात, पण प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. दोन सेटमधल्या विश्रांतीतही नाडी चढलेलीच असते. त्यात मूठ घट्ट आवळली की मनगटावरचा सेन्सर आंधळा होतो. सूर्यनमस्कारातही हात टेकवून मनगट मागे दुमडलं की हेच. वजनं उचलण्याचा फायदा कॅलरीत शोधणाऱ्यांनी चुकीचं दार ठोठावलंय, ते स्नायूंसाठी आहे.

दुसरी जागा म्हणजे व्यायामानंतरचा कट्टा. फिरून आल्यावर घड्याळातला वर्कआउट बंद न करता चहा-पोह्याला बसणारे कमी नाहीत. आपल्या उदाहरणातल्या बाईंची नाडी तेव्हा ९५ असेल तर सूत्र मिनिटाला ४.३ किलोकॅलरी मोजत राहतं. वीस मिनिटांच्या गप्पांचे ८५. प्रत्यक्षात बसून फार तर २५ जळतात.

कमी नाडीला ही सूत्रं लावायचीच नसतात. चाळिशीचा, सत्तर किलोचा माणूस खुर्चीत बसलाय, नाडी ७२. पुरुषांच्या सूत्राने तासाला १७६ किलोकॅलरी येतात, खरा खर्च सत्तरच्या आसपास. म्हणून दिवसभराची नाडी टिपून तिच्यावर हेच सूत्र चालवणाऱ्या हिशेबाला हात जोडा.

मग आकडा धरायचा कोणता

चालण्या-धावण्यासाठी नाडी विसरा आणि अंतर धरा. वरच्या समीकरणातून आणि धावण्याच्या तशाच समीकरणातून दोन सोपे नियम निघतात. सपाट रस्त्यावर चालताना निव्वळ खर्च (बसून जळले असते ते वजा करून) म्हणजे वजन गुणिले किलोमीटर गुणिले ०.५. धावताना वजन गुणिले किलोमीटर, बस. साठ किलोच्या बाई ४.१ किलोमीटर चालल्या तर १२३. सत्तर किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला तर ३५०. चालण्याचा नियम ताशी सहा किलोमीटरपर्यंत ठीक, त्याहून झपाट्याने चाललात तर खर्च यापेक्षा जास्त पडतो.

चढणीला वेगळं गणित. शरीर यांत्रिक कामाच्या साधारण चौपट ऊर्जा जाळतं आणि एका किलोकॅलरीत ४.१८४ किलोज्यूल असतात, त्यामुळे दोन्ही चार एकमेकांना कापतात: जितके किलोज्यूल काम, जवळपास तितक्याच किलोकॅलरी. सिंहगडाच्या पायवाटेने समजा ६०० मीटर उंची चढलात आणि वजन ६० किलो, तर ६० × ९.८ × ६०० म्हणजे ३५३ किलोज्यूल. म्हणजे चढणीचे म्हणून ३५० किलोकॅलरी धरा. पाठीवर सॅक असेल तर तिचं वजन मिळवा. वर जाऊन पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही झालं की हा हिशेब बंद होतो, ते वेगळं.

सायकललाही हीच युक्ती चालते. जिमच्या सायकलवर वॅट दिसत असतील तर सरासरी १०० वॅटने तासभर म्हणजे ३६० किलोज्यूल, म्हणजे अंदाजे ३६० किलोकॅलरी. नाडीवरून काढलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मी हा मानेन.

घड्याळाचाच आकडा वापरायचा असेल तर त्याला स्वतःपुरती कात्री लावून घ्या. अंतर नक्की माहीत असलेल्या सपाट जागी, मैदानाच्या ट्रॅकवर वगैरे, गार वेळी अर्धा तास एका वेगाने चाला. अंतराच्या नियमाने निव्वळ खर्च काढा आणि घड्याळाच्या आकड्याने भागा. उदाहरणात १२४ भागिले ३६०, म्हणजे ०.३४. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा करून सरासरी घ्या. पुढे चालण्याच्या आकड्याला त्याने गुणा. हा गुणक चालण्यापुरताच, झुंबा किंवा वजनांना लावू नका. फिटनेस बदलला की पुन्हा काढा.

खाण्याच्या अ‍ॅपमध्ये व्यायाम भरताना एक सापळा असतो. सुरुवातीला तुम्ही 'मध्यम सक्रिय' निवडलं असेल तर रोजचं चालणं त्या उद्दिष्टात आधीच धरलेलं आहे. वर घड्याळही जोडलं, फोनची पावलंही जोडली, की तेच चालणं दोनदा-तीनदा जमा होतं आणि अ‍ॅप म्हणतं, "अजून ३६० कॅलरी खाऊ शकता." एक वडापाव साधारण ३०० चा. खाल्लात तर १२४ कमावून ३०० खर्च. 'बैठी' निवडा आणि व्यायाम एकाच ठिकाणाहून, निव्वळ आकड्याने भरा. काही घड्याळं एकूण आणि सक्रिय असे दोन आकडे देतात, त्यातला सक्रिय घ्यायचा.

उलटी तक्रार: आकडा कमी कमी होत चाललाय

"तीन महिन्यांपूर्वी याच फेरीचे साडेतीनशे यायचे, आता तीनशेही येत नाहीत." हे ऐकलं की मी अभिनंदन करतो. दोघं घ्या, दोघंही ३५ वर्षांचे, ७० किलोचे, दोघंही ताशी ९ किलोमीटरने धावतात. एकाची नाडी १६५, दुसऱ्याची १३५. सूत्र पहिल्याला तासाला १००३ किलोकॅलरी देतं, दुसऱ्याला ७३२. खरा खर्च, बसून जळले असते ते धरून, दोघांचा सातशेच्या आसपासच, कारण तेवढंच वजन तेवढंच अंतर नेलं गेलंय. दुसऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, एवढाच फरक. तीनशे दिसतात म्हणून फेऱ्या वाढवायची गरज नाही. घड्याळ आधी जास्त खोटं बोलत होतं, आता कमी बोलतंय. वजन उतरल्यामुळे खर्च थोडा खरोखरच घटतो, तो अंतराच्या नियमात आपोआप येतो.

आकडा एकाएकी कोसळला असेल तर मात्र गोळ्यांची पट्टी बघा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल यांसारखी औषधं सुरू झाली की नाडी दबते आणि कितीही दम लागला तरी घड्याळ तुम्हाला आळशी ठरवतं. पेसमेकर किंवा हृदयाची लय अनियमित असेल तेव्हाही ही सूत्रं लागू नाहीत. अशांनी नाडीचे झोनही, म्हणजे घड्याळ आखून देतं त्या नाडीच्या मर्यादा, पाळायला जाऊ नये. चालताना वाक्य पूर्ण बोलता येतं का ते बघावं, अंतर मोजावं आणि किती जोर लावायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. घड्याळात नाडी वर यावी म्हणून गोळी चुकवणारे भेटले आहेत. तसलं काही करू नका.